जवळची सोंगटी

आमच्या घरी टीव्हीखालच्या खणात औषधाची एक रिकामी डबी आहे. तिच्यात कापूस घालून तीन स्ट्रायकर ठेवले आहेत. एक पिवळा, कडेला टवका उडालेला. दुसरा काळा, जाड, चकचकीत. तो आम्ही साडेचारशे रुपये मोजून आणला. तिसरा पांढरा, साधा, नव्वद रुपयांचा. ह्या तिघांची हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे बरेच दिवस मनात होते. कुणी म्हणेल, कॅरमचा स्ट्रायकर हा काय लिहिण्याचा विषय झाला? परंतु आपल्या वस्त्यांमधून कॅरमचा बोर्ड नाही अशी वस्ती विरळा. मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, पाऊस असो की ऊन, खेळ चालू राहतो. घरोघर मुले खेळतात आणि आता मुलीही खेळू लागल्या आहेत. शिवाय ह्या हकिकतीत चूक आमची आहे. दुसऱ्या कुणी बापाने ती करू नये, एवढ्यासाठी लिहितो.

आम्ही नगरला एका खाजगी कचेरीत कारकून आहोत. नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. २०२४ साली नाव बदलले, पण एसटीच्या रांगेत उभे राहिलो की तोंडात अजून नगरच येते. दिवसभर खतावण्या आणि पावत्या, आणि संध्याकाळी समाजमंदिरातल्या अभ्यासिकेचे काम, असा आमचा क्रम. २०२२ साली अभ्यासिकेच्या मुलांनी हट्ट धरला म्हणून आम्ही वर्गणी काढून एक चांगला बोर्ड घेतला. त्यावर बल्ब टांगला, खाली लोखंडी स्टँड केला. पहिल्या महिन्यातच लक्षात आले की संध्याकाळी बोर्डाभोवती मुलगेच असतात. मुलींना मिळते ती दुपारची वेळ, पत्रे तापलेले असताना. आमची धाकटी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती त्या दुपारच्या वेळेतच खेळ शिकली.

शिकवले ते मामांनी. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते कुणाचे मामा हे आता कुणालाच आठवत नाही. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणते. वर्कशॉपच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तीस वर्षे कॅरम खेळला. त्यांनीच आपला पिवळा स्ट्रायकर मुलीच्या हातात दिला. टवका उडालेली बाजू आपल्याकडे ठेवून कशी टिचकी मारायची, तेही दाखवले.

मामांची शिकवण्याची पद्धत निराळी. मुलगे पहिल्या दिवसापासून चारी कडांवरून रिबाउंड मारतात, जोर लावून सोंगट्या उधळतात. मामांनी मुलीला पहिले दोन महिने असले काही करू दिले नाही. खड्ड्याच्या तोंडाशी दोन बोटांवर सोंगटी ठेवायची आणि ती हळूच आत लोटायची, एवढेच. मुलगी कंटाळली. "मामा, ही तर कुणी पण घेईल," म्हणाली. मामा म्हणाले, "कुणी पण घेतो, आणि घेताना स्ट्रायकर पण घालतो. मोजून बघ."

हे मोजणे समजून घ्यायचे तर बोर्डाची मापे माहीत हवीत. नियमाप्रमाणे खड्ड्याचा व्यास ४.४५ सेंटीमीटर असतो. स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटीमीटरपर्यंत चालतो. म्हणजे स्ट्रायकर खड्ड्यात आरामात बसतो, वर तीन मिलिमीटर जागा उरते. सोंगटी लांब असेल तर तिच्यामागे गेलेला स्ट्रायकर वाटेत थांबतो. सोंगटी तोंडाशी असेल तर मागोमाग स्ट्रायकरही आत पडतो. मग घेतलेली सोंगटी बाहेर येते आणि दंडाची आणखी एक तिच्यासोबत येते. समोरचा खेळाडू त्या दोन्ही मधल्या वर्तुळात लावतो. म्हणून जवळच्या शॉटमध्ये सोंगटी जाते की नाही हा प्रश्नच नसतो. ती जातेच. प्रश्न असतो स्ट्रायकर कुठे थांबतो याचा. हे आम्हाला तेव्हा कळले असते तर पुढचे सारे टळले असते.

२०२४ च्या १४ एप्रिलला वस्तीत स्पर्धा झाल्या. त्यात मुलींच्या गटात आमची मुलगी पहिली आली. मे महिन्यात श्रीरामपूरला एक स्पर्धा होती, तिचे बोलावणे आले. बक्षीस समारंभाला आलेल्या एका पाहुण्याने तिचा पिवळा स्ट्रायकर हातात घेऊन फिरवून पाहिला आणि हसत म्हणाला, "पोरगी चांगली खेळते, पण हत्यार भंगारातलं दिसतंय." चारचौघांत म्हणाला. त्याच्या मनात वाईट नसेलही. परंतु आमच्या मनाला ते लागले. आमची सारी उमर मागितलेली पुस्तके आणि दुसऱ्याचे कपडे वापरण्यात गेली. मुलीला तरी नवे, चांगले आणि पहिल्या प्रतीचे मिळावे असे कोणत्या बापाला वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटताच आम्ही एका खेळसाहित्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून तो काळा स्ट्रायकर काढला. "साहेब, पंधरा ग्रॅम फुल्ल. मोठे खेळाडू हाच वापरतात." तळहातावर घेतला तर जड लागला, आणि जड वस्तू चांगली असते अशी आपली जुनी समजूत. भांडे घेताना आपण हातात तोलून पाहतो, तसेच आम्ही केले. साडेचारशे रुपये दिले. महिनाअखेर होती, तरी दिले.

मुलीने घरी तो दोन-चार वेळा मारून पाहिला. म्हणाली, "पप्पा, हा पळतो."

आम्ही म्हणालो, "सवय होईल. मोठे खेळाडू हाच वापरतात."

मग ती काही बोलली नाही. आम्ही एवढे पैसे घातलेत हे तिला दिसत होते. पिवळा स्ट्रायकर आम्हीच मामांना परत केला.

श्रीरामपूरचा बोर्ड आमच्या बोर्डापेक्षा पुष्कळ वेगवान होता. नवा प्लायवूड, वर बारीक पावडर, आणि मे महिन्याची कोरडी हवा. पहिल्या दोन फेऱ्या मुलीने जिंकल्या. काळ्या स्ट्रायकरने ब्रेक जोरात होत होता, लोक माना डोलवत होते, आणि आम्ही खुर्चीवर सरसावून बसलो होतो. उपांत्य सामन्याच्या शेवटच्या बोर्डात तिची एकच सोंगटी उरली. समोरच्या मुलीच्या तीन होत्या. राणी आमच्या मुलीने आधीच घेतली होती. उरलेली सोंगटी कुठे होती? उजव्या खड्ड्याच्या तोंडाशी, दोन बोटांवर. जी तिने दोन महिने दुपारच्या उन्हात हजार वेळा घेतली होती, तीच.

तिने हळूच टिचकी मारली. सोंगटी गेली. तिच्यामागे काळा स्ट्रायकर तेलावरून सरकावा तसा सरकला, काठावर क्षणभर रेंगाळल्यासारखा दिसला, आणि आत पडला.

दोन सोंगट्या वर आल्या. मुलीचा हात थरथरला, पुढचा शॉट हुकला. समोरच्या मुलीने आपल्या तिन्ही सोंगट्या शांतपणे घेऊन बोर्ड संपवला.

परतीच्या एसटीत आम्ही तिला पुष्कळ समजावले. हारजीत चालायचीच, घाई झाली, घाबरू नये, वगैरे. ती खिडकीबाहेर पाहत होती. राहुरी गेले, विळद घाट आला, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मी घाबरले नव्हते. तो स्ट्रायकर माझा नव्हता."

घरी आल्यावर हे तिच्या आईला सांगितले. ती घरी शिवणकाम करते. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ब्लाउज शिवायचा तर मी बाईला समोर उभी करून माप घेते. तुम्ही पोरीच्या बोटाची वस्तू आणायला गेलात, तेव्हा पोरगी कुठं होती?"

आम्ही सभांमधून सांगत असतो की ज्याचा प्रश्न त्याला विचारल्याशिवाय निर्णय करू नये. वस्तीत नळ कुठे बसवायचा तर बायकांना विचारा, अभ्यासिका किती वाजता उघडायची तर मुलांना विचारा. हे आम्ही पंधरा वर्षे बोलत आलो. घरात एका स्ट्रायकरपुरते ते आम्हाला सुचले नाही. त्या रात्री जेवण गेले नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलगी दहावीत गेली. तिच्या आईने अट घातली की अभ्यास आधी आणि कॅरम रविवारी. एका रविवारी मुलगी स्वतःच म्हणाली, "पप्पा, आपण नीट शोधून काढू, कोणता स्ट्रायकर थांबतो ते." आम्ही खतावणीचे एक कोरे पान काढले. हिशेब मांडणे एवढे एकच काम आम्हाला बरे जमते.

आधी वजने केली. ओळखीच्या एका सराफाकडे सोने तोलायचा काटा आहे. त्याने हसत हसत चार स्ट्रायकर तोलून दिले. मामांचा पिवळा १३.९ ग्रॅम. बोर्डासोबत फुकट आलेला हलका लाल १०.२. मुलीने स्वतः दुकानात जाऊन, बोट लावून निवडलेला पांढरा १३.४. आणि आमचा साडेचारशेचा काळा? १५.३ ग्रॅम! नियमात स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमच्या वर चालत नाही. धातूचा आणि हस्तिदंताचाही चालत नाही. म्हणजे आम्ही अभिमानाने आणलेला स्ट्रायकर मुळात नियमातच बसत नव्हता. श्रीरामपूरला कुणी तोलला नाही म्हणून निभावले. तोलला असता तर मुलीची मान खाली गेली असती, आणि तीही आमच्यामुळे.

मग वजनाने नेमके काय होते ते पाहिले. मुलीने नववीत संवेगाचा नियम शिकला होता. पुढचे सूत्र तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितले. सोंगटीचे वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते. सोपे जावे म्हणून ५ धरू. १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरने सोंगटीला अगदी समोरून मारले, तर पुस्तकी हिशेबाने स्ट्रायकरकडे सोंगटीच्या वेगाचा तिसरा हिस्सा उरतो. स्ट्रायकर १० ग्रॅमचा असेल तर चौथा हिस्सा उरतो. आणि घसरून जाण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून सोंगटीला तेवढाच वेग दिला, तर जड स्ट्रायकर हलक्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट पुढे जातो. मुलगी म्हणत होती "हा पळतो", त्याचे हे गणित.

वाचक म्हणतील, मग सर्वांत हलका घ्यावा, काम झाले. तसे नाही. हलक्या लालने ब्रेक फुटत नाही. मधली गर्दी हलत नाही, रिबाउंड अर्ध्यावर मरतो. सोंगटीला तेवढाच वेग द्यायला बोटाला जास्त जोर करावा लागतो, आणि जोर केला की नेम हलतो. पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो, तेव्हा तर तो सोंगटीपर्यंतच कसाबसा पोहोचतो. शिवाय पंधरा आणि साडेतेरा ग्रॅम यांच्यातला फरक ह्याच गणिताने पाहिला तर थोडाच निघतो. तेव्हा नुसत्या वजनावर सगळे ठरत नाही.

दुसरी गोष्ट तळाची. काळा स्ट्रायकर आरशासारखा गुळगुळीत होता आणि पावडरीवर थांबायचे नावच घेत नव्हता. पांढऱ्याचा तळ सपाट होता, पण तेवढा चकचकीत नव्हता. काचेच्या तावदानावर ठेवून बोटाने कड दाबली तर काळा किंचित डुलत होता, पांढरा डुलत नव्हता. डुलणारा स्ट्रायकर सरळ जाऊन सरळ थांबेल याची खात्री नाही. तिसरी गोष्ट व्यासाची. मामांनी आपला जुना व्हर्नियर काढला. पांढरा ४.१२ सेंटीमीटर भरला, नियमाच्या अगदी जवळ. मामांचे म्हणणे असे की वजन कमी हवे असेल तर ते जाडीतून कमी झालेले बरे. व्यास पुरता घ्यावा, कारण लहान चकती खड्ड्यात लवकर पडते. फार पातळही नको, बोटाला धार लागते. चौथी गोष्ट बोटाची. काळा इतका जाड की टिचकी मारताना त्याची कड मुलीच्या नखाला लागत होती. हे तिने तोपर्यंत आम्हाला सांगितलेच नव्हते. आम्ही विचारले कुठे होते?

शेवटी कसोटी घेतली. मुलीने अट घातली की कोणता कितीला आणला हे मधे काढायचे नाही. सोंगटी खड्ड्यापासून दोन बोटांवर ठेवायची, पाठच्या रेषेवरून मारायची, प्रत्येक स्ट्रायकरचे पंचवीस शॉट. आम्ही खतावणीत दोन रकाने पाडले: सोंगटी गेली किती, आणि स्ट्रायकर गेला किती. काळ्याने २१ सोंगट्या घेतल्या, पण ८ वेळा तो स्वतःही आत गेला. पिवळ्याने २० घेतल्या, ३ वेळा आत गेला. लालने १७ घेतल्या, एकदा आत गेला. पांढऱ्याने २२ घेतल्या आणि २ वेळा आत गेला. एका पोरीच्या एका रविवारचे हे आकडे, त्याला शास्त्र म्हणता येत नाही. परंतु पुढच्या तीन रविवारी तेच केले आणि क्रम फारसा बदलला नाही.

त्याच सुमारास आमच्या बहिणीच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. भाचा इंजिनीयर होऊन फिनलंडमध्ये नोकरीला आहे. आमची स्ट्रायकरची तोलामोल ऐकून तो हसायला लागला. म्हणाला, "मामा, मी पण महिनाभर हेच करतोय." तिकडे तो सुट्टीच्या दिवशी डिस्क गोल्फ नावाचा खेळ खेळतो. जंगलातून, माळावरून प्लास्टिकची थाळी फेकत जायचे आणि शेवटी खांबावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. थाळी त्यांच्यात अडकून खाली पडते. कमीत कमी फेकींत जो पोहोचेल तो जिंकला. १९७० च्या दशकात अमेरिकेत एड हेडरिक ह्या गृहस्थाने ही साखळ्यांची टोपली तयार केली आणि १९७६ साली खेळाडूंची संघटना उभी केली. आता फिनलंडमध्ये गावोगाव हा खेळ चालतो.

भाच्याने दोन थाळ्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. लांब फेकायच्या थाळीची कड पातळ, सुरीसारखी. जवळच्या फेकीसाठी असते तिला पटर म्हणतात. तिची कड बोथट, थाळी खोलगट, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. ती हळू उडते आणि जमिनीला टेकली की फार घसरत नाही. टोपली वीस-तीस पावलांवर असली की हीच काढायची. भाच्यानेही आधी एका नामांकित खेळाडूच्या पसंतीची, कडक प्लास्टिकची, महागडी पटर घेतली होती. ती टोपलीशेजारी पडायची आणि गवतावरून घसरत पलीकडे उतारावर जायची. मग तिथल्या एका म्हाताऱ्या खेळाडूने त्याला दुकानात नेले, आठ-दहा पटर डोळे मिटून हातात घ्यायला लावल्या, आणि जिची कड तळव्यात आपोआप बसली ती घ्यायला सांगितली. जरा मऊ प्लास्टिकची, पडल्या जागी थांबणारी. तशाच तीन घे, म्हणाला, आणि रोज संध्याकाळी एकाच जागेवरून पन्नास वेळा फेक.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारले, "दादा, तुम्हाला मधेच बदलता येते का?" भाचा म्हणाला, "हो, पिशवीत दहा-पंधरा थाळ्या असतात. लांबची वेगळी, जवळची वेगळी." मुलगी म्हणाली, "मग तुमचं सोपं आहे. आमच्याकडं बोर्ड संपेपर्यंत एकच." आमच्या स्पर्धांमध्ये एक बोर्ड सुरू झाला की तो संपेपर्यंत स्ट्रायकर बदलू देत नाहीत. ब्रेक त्यानेच फोडायचा, रिबाउंड त्यानेच मारायचा आणि तोंडाशी बसलेली सोंगटीही त्यानेच घ्यायची. मग निवड कोणत्या शॉटसाठी करायची? आम्ही मुलीच्या सहा बोर्डांची नोंद ठेवली. तिने घेतलेल्या सोंगट्यांपैकी निम्म्याहून जास्त खड्ड्यापासून वीतभर अंतराच्या आतल्या होत्या. ब्रेक एका बोर्डात एकदाच, तोही दोघांपैकी एकाच्या वाट्याला. आम्ही साडेचारशे रुपये त्या एका ब्रेकसाठी दिले होते. मुलीने नव्वद रुपये बाकीच्या सगळ्या खेळासाठी दिले.

"मोठे खेळाडू हाच वापरतात" ह्या वाक्याविषयीही दोन शब्द लिहितो. मोठ्या खेळाडूंचा आदर्श घ्यावाच. चेन्नईचे मारिया इरुदयम १९९१ आणि १९९५ साली जगज्जेते झाले, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या महाराष्ट्रातले पुण्याचे योगेश परदेशी, मुंबईचे प्रशांत मोरे जगज्जेते झाले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या काझिमा ह्या रिक्षाचालकाच्या मुलीने तीन सुवर्णपदके जिंकली. तिचा फोटो आमच्या मुलीने वहीत चिकटवला आहे. ह्या सर्वांकडून कष्ट घ्यावेत, धीर घ्यावा. पण त्यांच्या हातातला स्ट्रायकर त्यांच्या बोटांनी, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सरावाने निवडलेला असतो. तो विकत आणून मुलीच्या हातात ठेवला तर तिला त्यांचे वजन मिळते, त्यांचा हात मिळत नाही.

२०२५ च्या जानेवारीत नगरलाच एक स्पर्धा झाली. दहावीचे वर्ष, म्हणून तिची आई एका दिवसापुरती कबूल झाली. मुलगी पांढरा स्ट्रायकर घेऊन खेळली. तिसऱ्या फेरीत पुन्हा तसाच प्रसंग आला. खड्ड्याच्या तोंडाशी सोंगटी, आणि हातात एकच शॉट. आम्ही ह्या वेळी पुढे सरसावलो नाही. मागे मामांच्या शेजारी उभे होतो. टिचकी मारलेली ऐकू आली नाही, इतकी हळू. सोंगटी गेली. स्ट्रायकर काठाच्या अलीकडे येऊन थांबला. मामांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत.

पुढच्या फेरीत ती संगमनेरच्या एका मुलीकडून हरली. ती मुलगी खरोखर सरस होती. रिक्षात बसल्यावर आम्ही काही समजावायच्या आत मुलगीच म्हणाली, "पप्पा, आज मी हरले. स्ट्रायकर नाही हरला." आणि घर येईपर्यंत कोणता शॉट कसा मारायला हवा होता ते सांगत राहिली. विळद घाटापर्यंतचे ते मौन आम्हाला आठवले.

आता समाजमंदिरात थोडे बदल झाले आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते आठ बोर्ड मुलींचा असतो. हे मुलींनीच बैठकीत मागितले आणि मुलग्यांनी कुरकुरत का होईना, मान्य केले. वर्गणीतून सहा वेगवेगळे स्ट्रायकर आणले आहेत, सगळे सराफाकडे तोलून. नवी मुलगी आली की आमची मुलगी तिच्यापुढे सहाही ठेवते, खड्ड्याजवळ सोंगटी ठेवून म्हणते, "मारून बघ. कोणता थांबतो ते मला सांग." किंमत कुणाची सांगत नाही.

ज्या घरांतून मुले-मुली खेळतात तिथल्या पालकांना आमचे चार शब्द सांगणे आहे. स्ट्रायकर आणायला जाताना मुलाला सोबत न्या. दुकानात लहान बोर्ड असेल तर त्यावर मारून पाहू द्या. नसेल तर निदान काचेवर ठेवून डुलतो का ते पाहा आणि बोटाची टिचकी नीट बसते का ते विचारा. आकडा छापलेला असला तरी वजन तोलून घ्या. पंधरा ग्रॅमच्या वर गेला तर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. जोराचा शॉट पाहून भुलू नका. तोंडाशी सोंगटी ठेवून पंचवीस वेळा मारायला लावा आणि स्ट्रायकर किती वेळा आत जातो ते मोजा. पावडर बेताची टाका. मूठभर पावडर टाकली तर कोणताच स्ट्रायकर थांबणार नाही. आणि एकदा निवडला की वारंवार बदलू नका, बोटाला ओळख पटू द्या.

पिवळा स्ट्रायकर मामांनी मुलीला पुन्हा दिला, तो त्या डबीत आहे. काळाही टाकून दिलेला नाही. मधून मधून कापूस बदलायला डबी उघडतो, तेव्हा तो तळहातावर घेतो. अजूनही जडच लागतो. नियमाच्या वर तो ०.३ ग्रॅम भरतो, आणि तो भार मुलीच्या बोटावर आम्हीच ठेवला होता.